लव कुणाकडे

दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे एक वेळ चालवून घेता येतं. पण न बोलणारे ते दोघे दिवसभर एकमेकांबद्दलच बोलत असले, तर घरच्या बायकांनी काय करायचं? थोरली या प्रकाराला अगदी विटली होती. तिचा नवरा, म्हणजे दादा, चष्म्यांचं दुकान चालवायचे. त्यांचा भाऊ दातांचा डॉक्टर. लहानपणी फुंकर मारली तर उडेल असा होता म्हणून त्याचं नाव बारक्या पडलं, आणि आता तो खुर्चीत बसला की खुर्ची दिसेनाशी व्हायची, तरी नाव बारक्याच राहिलं. दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती. दादांचं पुढचं दार एका गल्लीत, बारक्याचं पलीकडच्या गल्लीत, आणि मागे दोघांचं मिळून एक लांबलचक परसदार. त्याच्या बरोब्बर मधोमध तारेचं कुंपण.

हे कुंपण फोटोमुळे आलं. घरातल्या एका लग्नात दादांनी सगळ्यांचा फोटो काढला आणि त्यात बारक्याचं डोकं कापलं गेलं. "जगाला चष्मे लावतोस आणि तुला सख्खा भाऊ दिसत नाही?" असं बारक्या म्हणाला. "तुझं डोकं मावेल असा कॅमेरा अजून निघालेला नाही," असं दादा म्हणाले. झालं. तेव्हापासून हे तोंड इकडे आणि ते तोंड तिकडे. सहा वर्षं झाली.

बायकांचं मात्र मेतकूट जमलेलं होतं. थोरली आणि धाकटी या दोघी जावा रोज सकाळी मिळून क्लबात टेनिस खेळायला जायच्या. थोरलीने रॅकेट पहिल्यांदा हातात धरली तेव्हा तिची पंचेचाळिशी उलटून गेली होती. आजवर तिने जे जे केलं ते कुणासाठी तरी केलं होतं. सासूसाठी, मुलांसाठी, दुकानासाठी. टेनिस तिने कुणासाठीही केलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सगळ्यात छान जमत होतं. तिचा बॅकहँड बघायला क्लबातल्या बायका गप्पा थांबवायच्या, आणि त्या बायकांनी गप्पा थांबवणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग गुडघा कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून उजेडात धरला आणि स्वच्छ सांगितलं, "सिमेंटच्या कोर्टवर धावणं आजपासून बंद. मऊ मैदान मिळालं तर खेळा. नाहीतर कॅरम आहेच."

थोरलीला कॅरमचा मनापासून तिटकारा होता. गावात होती ती सगळी कोर्टं सिमेंटची. दोन महिने तिने रॅकेट कपाटावर टाकून दिली आणि घरात इतकी साफसफाई केली की दादा तिला घाबरायला लागले. धाकटी एकटीच क्लबात जाऊन यायची आणि आल्यावर कुंपणाशी उभी राहून म्हणायची, "ताई, तुमच्याशिवाय मजा नाही हो. तिकडे सगळ्या हळू मारतात आणि जोरात ओरडतात."

परसदारात कृत्रिम गवताचं कोर्ट घालायची कल्पना धाकटीची. खाली खडी, तिच्यावर बारीक कच, त्यावर मऊ थर, वर गवत. गुडघ्याला गादीवर धावल्यासारखं वाटेल म्हणे. अडचण एकच होती. अर्ध्या परसदारात कोर्ट मावत नव्हतं. कुंपण काढून दोन्ही अर्धी मिळाली तरच.

"म्हणजे दोघांनीही हो म्हणायला हवं," थोरली म्हणाली.

"दोघं एका वेळी कधी कशाला हो म्हणालेत?"

थोरलीने क्षणभर विचार केला. "मग त्यांना हो म्हणायला लावायचंच नाही. दुसरा नाही म्हणतोय, एवढंच सांगायचं."

त्या दिवशी जेवताना थोरलीने दादांच्या पानात दुसरी पोळी वाढत सहज सांगितलं, "परसदारात टेनिसचं कोर्ट घालायचं आमच्या मनात होतं. पण जाऊ दे. भाऊजींचा साफ नकार आहे."

दादांचा घास हातातच राहिला. "नकार? त्याचा? नकार देणारा तो टिकोजीराव कोण? अर्धं परसदार माझं आहे. कोर्ट होणार म्हणजे होणार!"

पलीकडच्या घरात धाकटीने त्याच वेळी सुस्कारा टाकला होता, "दादा नको म्हणतायत हो." आणि बारक्याने टेबलावर मूठ आपटून गवतवाल्याचा नंबर मागितला होता.

गवतवाला म्हणजे गवत घालणारा ठेकेदार. हसतमुख, गोडबोल्या, खिशात दोन फोन. कामात हुशार, पण त्याला एक खोड होती. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर येतच नसे. गिऱ्हाइकाने कोर्ट गच्चीवर टांगा म्हटलं असतं तरी तो "होऊन जाईल, चिंताच सोडा" म्हणाला असता. त्याने कुंपण उपटलं, जमीन खोदली, खडी पसरली, रोलर फिरवून धबाधबा ठोकून सपाट केली. दादा आपल्या मागच्या दारात उभे राहून बघायचे. बारक्या आपल्या दारात उभा राहून बघायचा. दोघं मिळून एकच काम बघत होते, पण नजर एकमेकांवर पडू नये म्हणून माना अशा काही वाकड्या धरायचे की दोघांचीही मान धरली. दोघांनी एकच मलम लावलं. ते दोन्ही घरी थोरलीनेच पुरवलं होतं.

गवताच्या गुंडाळ्या आल्या त्या दिवशी गवतवाला मैदानाच्या मधे उभा राहून मोठ्याने ओरडला, "मॅडम, लव कुणाकडे झुकवायची?"

धाकटी कपडे वाळत घालत होती. ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. "अहो, काय बोलताय! माणसं आहेत घरात!"

"लव हो मॅडम, लव! मखमलीला असते ना, तशी. गवताची पाती सरळ उभी नसतात, एका बाजूला कललेली असतात. ज्याच्याकडे कलतील त्याला गवत गर्द हिरवं दिसतं. उलट बाजूने बघणाऱ्याला फिकट, चकाकल्यासारखं."

हे ऐकायला दोन्ही दारांत दोन कान उभेच होते. गवतवाला तिथेच पुढे असंही म्हणाला की सगळ्या कोर्टची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर चेंडू धड चालत नाही. पण ते ऐकायला दादा थांबले नाहीत आणि बारक्याही थांबला नाही.

दादांनी गवतवाल्याला दुकानात बोलावून घेतलं. "हे बघा, दोघांत थोरला मी. लव आमच्याकडे झुकली पाहिजे."

"होऊन जाईल साहेब. चिंताच सोडा."

बारक्याने त्याला दवाखान्यात बोलावलं आणि दातांच्या खुर्चीत बसवूनच बोलला. "माझ्या खिडकीतून मला फिकट गवत बघायचं नाहीये. काय?"

तोंडात आरसा घातलेला माणूस दुसरं काय म्हणणार! "ओऊन आईल," गवतवाला म्हणाला.

आणि त्याने ते करून दाखवलं. दादांकडच्या अर्ध्या कोर्टची लव दादांच्या घराकडे, बारक्याकडच्या अर्ध्याची बारक्याच्या घराकडे. जोड आला नेमका मधोमध, जिथे पूर्वी कुंपण होतं आणि आता टेनिसची जाळी होती. दादा दारात येऊन बघायचे तर आपलं गवत हिरवंगार आणि पलीकडचं उन्हात पडलेल्या जुन्या चादरीसारखं. बारक्या बघायचा तर त्याला बरोबर तेच, उलट बाजूने. दोघंही गवतवाल्यावर बेहद्द खूश. दादा तर संध्याकाळी पाहुण्यांना मुद्दाम मागे नेऊन म्हणायचे, "बघा, एकाच कंपनीचा माल. पण काळजी घेणाऱ्यावर असतं."

गवतवाला म्हणाला, "आठवडाभर गवत असंच बसू दे. मग चिकटवू, वाळू भरू, पांढरे पट्टे मारू." पण जावांना दम कुठला! थोरलीने कपाटावरची रॅकेट खाली काढली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली, नवे बूट घातले. पहिल्या पावलाला गुडघा दुखेल म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. दुखला नाही. गवत पायाखाली दबलं आणि हळूच वर आलं. तिला इतका आनंद झाला की ती जाळीपर्यंत उगाचच धावत गेली आणि परत आली.

धाकटीने सर्व्हिस केली. चेंडू पडला आणि जो सुटला तो थोरलीची रॅकेट हलायच्या आत दादांच्या मोरीत. थोरलीने सर्व्हिस केली. चेंडू पडला, सपाट निसटला आणि धाकटीच्या धुण्याच्या बादलीत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. जाळी ओलांडून गेलेला प्रत्येक चेंडू लवेबरोबर असा सरपटत घरात शिरायचा जसं काही त्याला तिथे बोलावणं होतं. खेळ कसला तो! दोघी आळीपाळीने चेंडू आणायला धावत होत्या. अर्ध्या तासात एकीचाही चेंडू परत आला नाही, आणि थोरलीचा गुडघा वाकून वाकून ठणकायला लागला.

गवतवाल्याला बोलावलं. तो कान खाजवत म्हणाला, "दोन्हीपैकी एक अर्धं उचलून फिरवावं लागेल. मग सगळी लव एकाच बाजूला. सोपं आहे."

"मग फिरवा की!"

"कुठलं फिरवू, मॅडम?"

सगळं घोडं इथेच अडलं. एक अर्धं फिरवायचं म्हणजे एका घराने दुसऱ्यापुढे झुकायचं, आणि जन्मभर खिडकीतून फिकट गवत बघत बसायचं. "माझं? अजिबात नाही," दादा आपल्या दारातून आभाळाला उद्देशून म्हणाले. "माझ्या गवताला कुणी हात लावून दाखवावा," बारक्या आपल्या दारातून धुण्याच्या दोरीला म्हणाला.

थोरलीला सवयीने पुन्हा एक युक्ती सुचायला लागली. ह्यांना सांगू की भाऊजी म्हणतायत फिरवायचंच नाही. पण ह्यांनाही फिरवायचं नाही. मग सांगू की भाऊजी म्हणतायत माझं फिरवा... तर हे म्हणतील नको, आपलंच फिरवू? तिचं डोकं गरगरलं. सहा वर्षं ती याचं त्याला आणि त्याचं याला सांगत आली होती, कधी तिखट काढून, कधी मीठ घालून. तिला एकाएकी त्याचा भयंकर कंटाळा आला. ती कोर्टच्या मधोमध, जाळीला टेकून, गवतावर खाली बसली.

"ऐका दोघंही," ती मोठ्याने म्हणाली. "मी खोटं बोलले. भाऊजींनी कोर्टला नकार दिला नव्हता. ह्यांनीही दिला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं कुणाला."

धाकटीने हळूच चिमट्यांची टोपली खाली ठेवली.

"तुम्हाला भांडायचंय तर भांडा. मी काही मधे येत नाही. पण मला खेळायचंय. मला दुसरं काही जमत नाही असं नाही, पण हे मला आवडतं. मला आवडणारी ही एकच गोष्ट आहे, आणि माझ्या गुडघ्याची अजून जेमतेम काही वर्षं उरलीत. तेवढी मला मोरीतून चेंडू काढण्यात घालवायची नाहीत." मग तिने नवे बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणीच आत निघून गेली. दादा वाटेतून बाजूला झाले.

त्यानंतरचे दिवस दोन्ही घरांत सुतकी गेले. दादा स्वतः उठून पाणी घ्यायला लागले, हे थोरलीला फारच संशयास्पद वाटलं. बारक्याने तर एका पेशंटचा चुकीचाच दात उपटायला घेतला, असं धाकटीने सांगितलं. रविवारी दादांनी अचानक जाहीर केलं की थोरलीच्या बहिणीकडे दिवसभरासाठी जाऊन येऊ. त्यांना मेहुणीच्या घरी जायचं म्हटलं की एरवी पोटात दुखायचं. आणि योगायोग असा की बारक्याही त्याच दिवशी बायकोला घेऊन तिच्या माहेरी निघाला.

सोमवारी सकाळी थोरलीने मागचं दार उघडलं आणि ती उभीच राहिली. कोर्ट तयार झालं होतं. वाळू भरलेली, कडा चिकटवलेल्या, पांढरे पट्टे ताठ मारलेले. पण रंगात काहीतरी गडबड होती. आपल्या दारासमोरचं गवत फिकट पडलं होतं, आणि पलीकडचं, भाऊजींकडचं, गर्द हिरवं होतं.

"अहो," तिने हाक मारली, "तुम्ही आपलं फिरवलंत?"

दादा दाढी अर्धवट टाकून आले, चोरी पकडली गेल्यासारखे. "हं. मी म्हटलं... जाऊ दे. त्याचं राहू दे तसंच. लहान आहे तो." मग त्यांनी समोर पाहिलं आणि साबणाचा हात तसाच हवेत राहिला. कारण पलीकडच्या दारात बारक्या लुंगीवर उभा होता आणि आपल्या पुढ्यातल्या फिकट गवताकडे डोळे फाडून बघत होता.

गवतवाला कोपऱ्यात उरलेली वाळू गोळा करत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या तसा तो पोतं छातीशी धरून म्हणाला, "मोठे साहेब म्हणाले माझं फिरव, त्याला सांगू नकोस. डॉक्टरसाहेब म्हणाले माझं फिरव, दादाला सांगू नका. मी दोघांनाही शब्द दिला होता."

"अहो, पण दोन्ही फिरवल्यावर..." धाकटी म्हणाली.

"पुन्हा उलटंच झालं मॅडम. आता लव दोन्हीकडून जाळीकडे. म्हणजे ह्यांची तिकडे आणि त्यांची इकडे. मला कळत होतं. पण नाही कसं म्हणणार?"

दादा पायांत चपला न घालता कोर्टवर उतरले. बारक्याही उतरला. दोघं जाळीच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. सहा वर्षांत ते इतके जवळ आले नव्हते.

"मूर्खा," दादा म्हणाले, "निदान मला विचारायचंस तरी."

"तू कुठे विचारलंस?"

"मी थोरला आहे. मी कशाला विचारू?"

"तू थोरला, म्हणून तर मी फिरवलं ना!"

दादांनी गालावरचा साबण पुसला. मग म्हणाले, "बरं, आता माझंच पुन्हा फिरवतो. तुझी लव राहू दे आहे तशी."

"मुळीच नाही. माझं फिरवू. तुझी राहू दे."

"बारक्या, शहाणपणा करू नकोस!"

"सरका दोघंही!" थोरली ओरडली. "कुणी काहीही फिरवायचं नाही. आधी चेंडू कसा चालतो ते बघू."

ती बूट घालून आली होती. भाऊ आपापल्या दाराकडे गेले. धाकटीने सर्व्हिस केली. थोरली सवयीने मोरीच्या दिशेने अर्धं वळलीसुद्धा. पण चेंडू पडला, उलट्या लवेने त्याला जरासं धरून ठेवलं, आणि मग तो सावकाश, अंगाशी, हव्या तेवढ्या उंचीवर वर आला. तिला धावायची गरजच पडली नाही. तिने तो बॅकहँडने परत केला. पलीकडे तो तसाच सावकाश वर आला आणि धाकटीने परत केला. मग थोरलीने. मग धाकटीने. क्लबात त्यांचा चेंडू पाच-सहा फटक्यांत मरायचा. इथे तो मरतच नव्हता. थोरलीचा श्वास लागला होता आणि तिला हसू येत होतं, आणि गुडघा आहे की नाही याचा तिला पत्ताही नव्हता.

"अगं, ऐकलंस का?" दादा मागच्या पायरीवर बसून म्हणत होते. "इथून बारक्याची बाजू काय सुरेख दिसते! नुसतं हिरवंगार!"

थोरलीने चेंडू मारला. "मला कशाला सांगता? ते समोरच आहेत. त्यांना सांगा."

दादा घसा खाकरून सगळ्या परसदाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बारक्या, तुझं गवत छान दिसतंय रे!"

"काहीतरीच काय!" तिकडून उत्तर आलं. "तुझंच छान दिसतंय. माझं फिकं आहे."

"फिकं? दुकानात ये उद्या. डोळे तपासतो तुझे."

"तूच ये दवाखान्यात. अक्कलदाढ आली का बघतो."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचं सगळं हिरवं एकमेकांत मिसळून गेलं. त्यातच धाकटीचा चेंडू तिच्या शेजारून निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच एक पॉइंट गेल्याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही.